घरची भाषा, चव्हाट्यावर

‘रॅप म्हणजे आजची शाहिरी’ हे वाक्य आता इतकं रुळलं आहे, की ते उच्चारण्यासाठी रॅप ऐकावा लागत नाही आणि शाहिरीही आठवावी लागत नाही. २०२३च्या एप्रिलमध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर त्यांच्या राजकीय गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले, तेव्हापासून तर त्याला धार चढली. हेतू भलाच होता. पोरं एकटी पडू नयेत, त्यांच्यामागे शाहिरांची फळी उभी राहावी. मुंगासेच्या बाबतीत ते बऱ्यापैकी लागूही पडतं. मला ते खुपतं त्या गुन्ह्यांच्या वर्षभर आधी गेलेल्या एका मुलामुळे.

धर्मेश परमार २० मार्च २०२२ रोजी गेला. वय २४. दादर-नायगावच्या बीडीडी चाळीतला हा मुलगा ‘एमसी तोडफोड’ या नावाने गुजरातीत रॅप करायचा. ‘स्वदेसी’ या मुंबईतल्या बहुभाषक गटाचा तो भाग होता. (शब्द स्वदेशी नव्हे, स्वदेसी. टिळकांची चतुःसूत्री त्या ‘स’पाशी ठेचकाळते आणि ‘देसी’ पुढे होतो.) ‘ट्रुथ अँड बेस’ हा त्याचा पहिला स्वतःचा अल्बम त्याच महिन्यात आला होता.

बातम्यांच्या मथळ्यांत तो ‘गली बॉयचा रॅपर’ झाला. २०१९च्या त्या चित्रपटातल्या ‘इंडिया ९१’ या गाण्यात त्याचा आवाज होता, एवढाच तो संबंध. विहिरीला पोहऱ्याच्या नावाने ओळखण्यापैकी हा प्रकार. अमेरिकन रॅपर बिगीही चोविसाव्या वर्षी गेला, ट्युपॅक पंचविसाव्या, अशीही जुळवाजुळव झाली. त्यांना गोळ्या लागल्या होत्या, आणि मेलेल्या माणसाचं वय म्हणजे त्याचं काम नव्हे. रॅप ही अमेरिकेची नक्कल आहे म्हणणाऱ्यांनी हार्मोनियम कुठून आली ते आधी पाहावं.

आणि या रॅपला लावल्या जाणाऱ्या ‘अंडरग्राउंड’ या शब्दाचं भाषांतर कृपा करून ‘भूमिगत’ करू नये. मराठी कानाला त्या शब्दात बेचाळीस ऐकू येतं, प्रतिसरकार ऐकू येतं, उषा मेहतांचं रेडिओ केंद्र ऐकू येतं. या मुलांचा कुणी शोध घेत नव्हतं, अडचण नेमकी तीच होती. मोठ्या कंपन्यांच्या आणि सिनेमाच्या वाटेने न जाता आपल्या पैशांनी, मित्रांच्या यंत्रांवर गाणं करायचं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

आता शाहिरीकडे येतो, कारण ते म्हणणं एका ओळीत झटकून टाकण्याइतकं पोकळ नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४मध्ये लालबावटा कलापथक उभं केलं. गिरणगावाने त्यांना डोक्यावर घेतलं, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदानंच्या मैदानं त्यांच्या डफावर हलली. ‘स्वदेसी’नेही २०१९मध्ये आरेच्या जंगलातल्या वारल्यांसाठी तिथल्याच प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं. हे नाव ऐकून ज्याला गोदावरी परुळेकर आणि १९४५चा वारल्यांचा उठाव आठवत नाहीत, त्याने मराठी वाचक म्हणवून घेऊ नये. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्री आरेत करवती चालू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती ७ तारखेला येईपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडं आडवी झाली होती. चळवळ आहे, श्रमिकांची वस्ती आहे, सत्तेला प्रश्न आहे. मग शाहिरी म्हणायला हरकत काय?

हरकत भाषेची आहे. शाहीर लोकांच्या भाषेत गातो. म्हणजे ज्या जमावापुढे तो उभा आहे, त्या जमावाची भाषा तो निवडतो. कधी तिच्यासाठी स्वतःची बोली बाजूला ठेवतो, कधी घासूनपुसून घेतो. शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळलाच पाहिजे, नाहीतर झीलकऱ्यांनी ‘जी जी’ कशावर म्हणायचं? न कळलेला पोवाडा हा फसलेला पोवाडा. तोडफोडचं काय होतं? त्याच्यापुढे उभ्या असलेल्या पोरांपैकी बहुतेकांना गुजराती येत नसणार. तो हिंदीतही बोलला आहे, हे मान्य. हिंदीचा, त्यातही बंबईया हिंदीचा रस्ता समोर मोकळा होता; बाजार तिथेच होता, सिनेमाही तिथेच होता. तरी ओळखला गेला तो गुजरातीतला रॅपर म्हणूनच. शाहिराच्या हिशोबात हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार.

लोकांची भाषा आणि घरची भाषा यांत मला फरक दिसतो तो इथे. घरची भाषा म्हणजे मातृभाषा नव्हे. मातृभाषेला दिवस असतो, गौरव असतो, समिती असते. घरची भाषा म्हणजे जिच्यात आपल्याला बोलणी बसली, जिच्यात भाकरी मागितली, जी बाहेर पडताना चपलांसोबत उंबऱ्यावर बदलायची असते. शाहीर लोकांच्या भाषेत लोकांच्या वतीने बोलतो. हा मुलगा घरच्या भाषेत लोकांच्या देखत बोलला.

कुणी म्हणेल, अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ घरातूनच निघते की. निघते, खरंच. मुंबईत एकट्या पडलेल्या पुरुषाचा तो विरह आहे. पण ती छक्कड घरातून निघून नकाशावर पोचते: बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. विरह प्रांताचा होतो. शाहिरीचं सामर्थ्य या रूपांतरातच आहे आणि ते मी कमी लेखत नाही. तोडफोडच्या गुजरातीला मात्र पोचायला नकाशाच नाही. त्या नकाशात ती पलीकडच्या बाजूची भाषा.

कारण १९५६ ते १९६०च्या त्या लढ्यात आपल्या कानात एक समीकरण पक्कं झालं. गुजराती म्हणजे शेटजींची भाषा. पेढीची, शेअर बाजाराची, गिरणीमालकाची. ते समीकरण हवेतून आलं नव्हतं. ‘मुंबई समाचार’ १८२२पासून निघतो आहे आणि या शहराच्या व्यापाराचा इतिहास त्या भाषेत लिहिलेला आहे. पण त्याच शहरात महापालिकेच्या सफाई खात्यात काठियावाडातून आलेल्या माणसांच्या पिढ्यान्पिढ्या राबल्या, आणि त्याही गुजरातीच बोलत होत्या. त्यांची गुजराती आपण कधी गुजराती म्हणून ऐकलीच नाही. शेटजींच्या भाषेत चाळीतला पोरगा बोलला, तर मराठी पुरोगामी मनाची पंचाईत होते. मग त्याला चटकन शाहीर म्हणून टाकायचं. म्हणजे त्याची भाषा ऐकावी लागत नाही.

न कळणारी भाषा माणसं उभी राहून कशी ऐकतात, हा प्रश्न उरतो. याचं उत्तर निदान काही अंशी ‘इंडिया ९१’मध्येच आहे. ‘स्वदेसी’तल्या मुलांनी मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्यासोबत काम केलं होतं. कर्नाटक संगीतात मृदंगाचे बोल तोंडाने म्हणण्याची रीत आहे, कोन्नक्कोल. त्या बोलांच्या हिशोबावर ही मुलं शब्द बसवायला शिकली. त्या गाण्यात मराठी, गुजराती, हिंदी, पंजाबी एकापाठोपाठ येतात आणि कुणीही कुणासाठी भाषांतर करायला थांबत नाही. अमरावतीचा रॅपर ‘हंड्रेड आरबीएच’ मराठीत बोलतो, तोडफोड गुजरातीत. धागा कोण धरतो? सम धरते. ‘त क धि मि’ कुठल्याच भाषेतलं नसतं. तबल्याचे बोल ऐकत वाढलेल्या आपल्याला हे नवं वाटायला नको होतं. पण आपल्याला बोलांतून आधी अर्थ हवा असतो, मग संदेश, आणि जमल्यास मागणीचं निवेदन.

‘तोडफोड’ हे नावच घ्या. मराठी, गुजराती, हिंदी, तिन्हींत जसंच्या तसं चालणारा शब्द. मराठी वर्तमानपत्रात तो नेहमी संतप्त जमावासोबत येतो, काचा फुटल्यावर. इथे एका मुलाने तो स्वतःला लावून घेतला, आणि फोडलं काय तर घराच्या आणि रस्त्याच्या भाषेतली भिंत. शाहिराला असल्या नावाची गरज पडत नाही. त्याच्याकडे डफ असतो आणि मागे कोरस.

माझ्या या भेदाला एक भोक आहे, तेही सांगतो. बीडीडीच्या चाळी १९२०च्या दशकात सरकारने बांधल्या. नायगावला अशा ४२. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक. अशा खोलीत घरची भाषा घरात राहणार कशी? ती दारातून व्हरांड्यात येते, व्हरांड्यातून शेजारच्या खोलीत जाते. शेजारचा मराठी पोरगा गुजरातीतली बोलणी अर्थासकट ओळखतो, स्वतः खाल्ली नसली तरी. तेव्हा उंबरठा ओलांडण्याचं जे श्रेय मी तोडफोडला देतो आहे, त्यातलं निम्मं कदाचित त्या व्हरांड्याचं असेल. त्याने व्हरांडाच मंचावर नेला, असंही म्हणता येईल. पण शाहीर मैदानात उभा राहतो, व्हरांड्यात नव्हे, इतका हट्ट मी सोडणार नाही.

आता त्या चाळींचा पुनर्विकास चालू आहे. १६०च्या जागी ५०० चौरस फुटांचं घर, संडास आत. ते मिळायलाच हवं होतं. सामायिक नळावरच्या पहाटेच्या रांगांचे गोडवे तिथे कधी न राहिलेल्यांनी गावेत. फक्त नव्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर लिफ्ट उघडते, दारं समोरासमोर असतात आणि बहुतेक वेळ बंद असतात. आत कुठली भाषा चालू आहे, ते बाहेर ऐकू येत नाही.