इथ्रोचा सल्ला



मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे न्यायनिवाडे करीत बसे आणि लोक भोवती ताटकळत उभे राहात. अशा वेळी त्याचा सासरा इथ्रो त्याला भेटायला आला. येताना त्याने मोशेची पत्नी सिप्पोरा आणि दोन्ही मुलांनाही सोबत आणले. कामाचा तो रगाडा पाहून इथ्रोने जावयाला बजावले की, ही रीत बरी नव्हे, अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. भरवशाची माणसे निवडून लहानसहान कामे त्यांच्यावर सोपवावीत, अवघड तेवढी स्वतःकडे ठेवावीत, असा सल्ला त्याने दिला. मोशेने सासऱ्याचे ऐकले. निर्गमच्या १८व्या अध्यायात ही हकिकत आहे.

हा उतारा वाचताना संसार सांभाळून नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या भगिनी डोळ्यांपुढे येतात. जीएनएमचा ३ वर्षांचा अभ्यासक्रम करून नोकरीला लागलेली परिचारिका लग्नानंतर पुन्हा पुस्तके हाती घेते आणि २ वर्षांच्या पोस्ट बेसिक बीएस्सीला प्रवेश घेते. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी मिळण्यापूर्वी प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के भरावी लागते. मूल तापाने फणफणले म्हणून वॉर्डातली पाळी बुडाली, तर ती पुढे भरून द्यावीच लागते. फीची सोय व्हावी म्हणून कोणी रात्रपाळीही करते. पहाटे डबे, संध्याकाळी मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधे आणि सगळे निजल्यावर मायक्रोबायोलॉजीची वही! आपण म्हणतो, "किती गं धावतेस!" आणि तिनेच केलेला चहा पितो.

बंधुभगिनींनो, कौतुकाने ओझे हलके होत नाही. इथ्रोने मोशेचे नुसते कौतुक केले नाही, त्याच्या कामाची वाटणी करून दिली. तिच्या शिक्षणाला हौस समजू नका. आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा आहे, असे प्रभू येशूने सांगितले आहे. उद्या तिच्या हातात कोणाच्या तरी आईचे इंजेक्शन असणार आहे. झोपेविना थकलेला हात चुकू शकतो. म्हणून तिची विश्रांती ही रुग्णाचीही गरज आहे.

पतीने स्वयंपाकघराची एक वेळ आपली मानावी. मुलांनी आपला डबा आपण भरावा. रात्रपाळी करून आलेली सून दुपारी झोपली असेल, तर सासूबाईंनी पाहुण्यांना सांगावे, "ती झोपली आहे, उठवू नका." मोशेचे ओझे सासरच्या माणसानेच ओळखले होते, हे विसरू नये. आणि आपले लहान ख्रिस्ती समूह? परीक्षेच्या महिन्यात तिच्या मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गाला नेणे-आणणे हे शेजाऱ्यांना सहज जमण्यासारखे आहे. पत्नी शिकवीत असेल आणि पती नर्सिंग शिकत असेल, तर त्या घरालाही हेच लागू आहे.

भगिनींनो, आता तुमच्यासाठी दोन शब्द. इटलीच्या संत जियान्ना बेरेट्टा मोल्ला डॉक्टर होत्या. १९५५ साली त्यांचे लग्न झाले. मुले झाल्यावरही त्यांनी आपला दवाखाना चालू ठेवला. २००४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संतपद बहाल केले. घर आणि काम ही पावित्र्याची दोन वेगळी दारे नाहीत. मात्र मदत मागायला लाजू नका. प्रभूने मार्थेची सेवा नाकारली नाही, तिची तगमग तेवढी तिला दाखवून दिली. एखाद्या दिवशी घर आवरायचे राहिले, तर ते पाप नव्हे. रविवारी ड्युटी असेल, तर शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला या. तेही जमले नाही आणि रुग्णाला सोडून येता येत नसेल, तर मनाला टोचणी लावून घेऊ नका. त्याच्या खाटेशेजारी क्षणभर प्रार्थना करा.

आज मिस्साहून घरी गेल्यावर प्रत्येक कुटुंबाने जेवणाच्या वेळी एकच प्रश्न विचारावा: आपल्या घरात सगळ्यांत जास्त कोण थकते आणि तिच्या कामातले कोणते काम उद्यापासून माझे?

हे प्रभू, आमच्या घराघरांत इथ्रोसारखी डोळस माणसे दे आणि मोशेसारखे ऐकणारे मन दे. आमेन.