ट्रकमध्ये पीठ असेल तर?

ते व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. ड्रोनमधून दिसणारा करडा रस्ता, मुंग्यांसारखे ट्रक, मग एक झोत आणि धूर. वर कुणीतरी गाणं चिकटवलेलं. ट्रकमध्ये काय होतं, चालवत कोण होतं, ते कळत नाही.

जून २०२२मध्ये अमेरिकेने दिलेले हायमार्स रॉकेट लाँचर युक्रेनमध्ये पोचले. एका गाडीवर सहा रॉकेटं, जीपीएसच्या आधाराने जाणारी, पल्ला ७० किलोमीटरच्या वर. जुनी ग्राद रॉकेटं अख्खं शेत भाजून काढतात, ही एखादं गोदाम नेमकं गाठतात. युक्रेनने ती दारूगोळ्याच्या कोठारांवर आणि पुलांवर वापरली. खेरसोनजवळ नीप्रो नदीवरच्या अंतोनिव्का पुलावर जुलैत पुन्हा पुन्हा मारा झाला. रशियन सैन्याची रसद मुख्यतः रेल्वेने येते. रूळ संपले की ट्रक. कोठारं मागे न्यावी लागली की ट्रकची फेरी लांबते, दिवसाच्या फेऱ्या घटतात, तोफा उपाशी राहतात. पूल निकामी झाल्यावर तराफे आणि फेरीबोटी आल्या, त्यांवरही रॉकेटं पडली. शेवटी रशियाने माघार घेतली आणि ११ नोव्हेंबरला युक्रेनचं सैन्य खेरसोनमध्ये शिरलं, गल्लोगल्ली न लढता. मारियुपोलचं काय झालं ते आठवलं, की रसद तोडणं हीच त्यातल्या त्यात माणुसकीची रीत वाटते.

मग तो ड्रायव्हर? १९७७च्या आपल्या युद्धनीतीवरच्या पुस्तकात मायकल वॉल्झर कारखान्यातल्या कामगारांमध्ये एक फरक करतात: सैनिकाला लढायला लागतं ते बनवणारे, आणि माणूस म्हणून जगायला लागतं ते बनवणारे. रणगाडा बनवणाऱ्यावर हल्ला एक वेळ समजू शकतो, डबाबंद जेवण बनवणाऱ्यावर नाही. हा फरक त्यांनी नागरिकांपुरता केला. वर्दीतल्या ड्रायव्हरला तो लागू नाही. त्याच्या ट्रकमध्ये पीठ असो वा तोफगोळे, कायद्याने तो लक्ष्यच. मला हे पटतं. भाकरीवर चालणारी तोफ आणि दारूवर चालणारी तोफ अशा दोन तोफा नसतात.

खटकतं ते दुसरंच. शरण आलेल्याला मारायचं नाही, हा युद्धाचा जुना नियम. पूर्वी काफिल्यावर छापा पडला की ड्रायव्हर खाली उडी मारून हात वर करू शकत असे, आणि समोरच्याला ते दिसत असे. साठ किलोमीटरवरून सुटलेल्या रॉकेटसमोर हात वर करण्याची सोयच नाही. नियम मोडलेला नाही, फक्त तो पाळण्याची वेळच येत नाही. असं म्हणतात की तोफांच्या बाबतीत हे आधीपासून होतंच. खरंय. पण तोफगोळा त्या एका ट्रकसाठी निवडलेला नसायचा.

नीप्रोच्या घाटावर तर फौजेच्या गाड्यांबरोबर गावकरीही पलीकडे जात होते. तिथे बटण दाबणाऱ्याला पिठाचा नाही, माणसांचा हिशेब करावा लागतो, आणि तोही रात्री, ड्रोनच्या करड्या चित्रावरून.