नुसती चव

भालकीकडील एका लग्नास आम्ही गेलो होतो. उपासना झाली, आशीर्वाद झाला, जेवणे उठली. आणि मांडवामागे कडब्याच्या गंजीआड मंडळीतले चारपाच तरुण बर्फाच्या टबाभोवती बसलेले दिसले. आम्हांस पाहून ते ओशाळले नाहीत. त्यांतला एक आमच्याच शब्बाथ शाळेत शिकलेला. तो म्हणाला, "सर, ही दारू नव्हे, बिअर आहे. तुम्ही न चाखताच इतकी वर्षे हिच्याविरुद्ध बोलत आलात. एकदा चाखा, मग बोला."

विष ओळखायला ते प्यावे लागत नाही, हे उत्तर ओठांवर आले होते. पण ते आम्हांस लबाडीचे वाटले. गालीलातील काना गावच्या लग्नात द्राक्षारस होता, आणि पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा घेण्यास सांगितले, हे आम्हीच त्या मुलांना शिकवले होते. शिवाय न पाहिलेल्या वस्तूविषयी ठासून बोलणे हा आपल्या व्यासपीठांचा जुना दोष आहेच. आम्ही दोन घोट घेतले.

रंग फिका सोनेरी. पहिल्या घोटात गारव्याखेरीज काही कळेना. मग किंचित गोडसर, पेजेसारखी चव, मागाहून थोडा कडूपणा आणि घशात ऊब. वाईट नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

अशी फिकी बिअर प्रथम १८४२ साली बोहेमियातील पिल्सन गावी योसेफ ग्रोल याने केली. मोड आणून वाळवलेले सातू, हॉप नावाच्या वेलीची कडू फुले, पाणी व यीस्ट. आंबवून थंड तळघरात दीर्घकाळ मुरवायची. तिच्यात मद्यार्क साधारण ४ ते ५ टक्के. आपल्याकडच्या 'स्ट्राँग' बाटलीवर ८ टक्क्यांपर्यंतचा आकडा असतो. स्वस्तात जोर आणण्यासाठी सातूबरोबर तांदूळ, मका किंवा साखरही घालतात, आणि पितात ती बर्फगार, म्हणजे जिभेला फारसे कळतच नाही.

आम्ही लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. ६५० मिलीची बाटली, ८ टक्के, म्हणजे ५२ मिली शुद्ध मद्यार्क. व्हिस्कीत ४२.८ टक्के; ६० मिलीच्या मोठ्या पेगात सुमारे २६ मिली. एक बाटली म्हणजे दोन मोठे पेग. 'ही दारू नव्हे' हे म्हणणे तेथेच संपले.

तो तरुण हसला. "म्हणून तर घेतो सर. परवडते."

हे त्याचे बोलणे आम्हांस सर्वांत प्रामाणिक वाटले. चवीचे नाव पुढे केले, तरी विकत घेतला जातो तो जोर, रुपयागणिक मोजून. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून सारायी बंद झाली. बिदर-कलबुर्गीकडच्या मजुराची तहान मात्र बंद झाली नाही, तिने दुसरी बाटली शोधली. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने बिअरवरचा कर वाढवला. त्याने बाटली महाग होते. बाटलीपाशी माणूस का जातो, हा प्रश्न करखात्याचा नव्हे.

तो प्रश्न मंडळीचा आहे. थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने १८६९ साली अमेरिकेत द्राक्षांचा रस तापवून आंबण्यापासून राखला, तो प्रभुभोजनासाठी. एक घोट पाप आहे काय, एवढ्यावरच त्याला थांबता आले असते. पण व्यसन सुटलेला भाऊ मेजाशी आला तर पेल्यात काय असावे, हेही पाहावे लागते. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायातला पौलाचा मुद्दा हाच आहे, आणि तो अध्याय आम्ही अनेकदा शिकवला आहे.

पुढल्या रविवारी वर्गात एका दहा वर्षांच्या मुलाने विचारले, "सर, तुम्हीपण घेतली ना?" त्याच्या वडिलांनी त्या आठवड्यात घरी आमचे नाव घेऊन बाटली उघडली होती. काना, तीमथ्य, दोनच घोट, सारी कारणे आमच्यापाशी होती. त्या लेकरापुढे एकही मांडवेना. दोन घोटांपेक्षा, ते आम्ही वाद जिंकण्यासाठी घेतले, हे आम्हांस अधिक बोचले. आम्ही "हो" म्हटले.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. वडील दारात बसले होते. आम्हांस पाहून त्यांनी आनंदाने खुर्ची पुढे केली, म्हणाले, "या सर, आता तुम्ही आमच्यातले." आम्ही बसलो, आणि त्या मुलाने काय विचारले ते प्रथम त्यांना सांगितले.