खोली झोपायला, गाव जेवायला

मुक्कामाची खोली डोळे मिटून घालवायची असते. तरी निवडताना आपण तिचेच फोटो बघतो. चादर, पडदे, गीझर, टीव्ही. ज्यासाठी जागं राहायचं, ते ताट मात्र नशिबावर.

मी आधी जेवायचं ठिकाण ठरवतो. मग तिथून पायी परतता येईल एवढ्या अंतरात पाठ टेकायला जागा शोधतो. जड जेवणानंतर माणूस किती चालू शकतो, एवढंच लॉज निवडायचं माप.

सांगली जिल्ह्यातल्या तासगावात हा हिशेब सोपा आहे. पर्यटक म्हणून इथे राहायला फारसं कोणी येत नाही. गणपतीच्या देवळात आलेला दर्शन घेऊन २५ किलोमीटरवरच्या सांगलीला परततो. रात्री मागे उरतो तो कामाचा माणूस. बेदाण्याचा व्यापारी, द्राक्षबागेच्या औषधांचा विक्रेता, ट्रकचा ड्रायव्हर, उद्या कोर्टात तारीख असलेला पक्षकार. यातल्या बहुतेकांना पुन्हा यायचंच असतं. पक्षकाराला तर हमखास.

परत येणारं गिऱ्हाईक हा स्वयंपाकघराचा सगळ्यात कडक तपासनीस. थंड हवेच्या ठिकाणी माणूस आयुष्यात दोनदा जातो, एकदा लग्न झाल्यावर आणि एकदा मुलांच्या सुटीत. तिथल्या आचाऱ्याला कशाची भीती? तासगावच्या आचाऱ्याला बेदाण्याच्या पुढच्या सौद्याची भीती आहे.

चांगल्या जेवणात मीठ असतं, तिखट असतं आणि थोडी भीती असते.

बाजारातल्या बेदाण्याच्या सौद्यात चवीचा निकाल चारचौघांत लागतो. व्यापारी मूठभर माल घेतो, रंग बघतो, मणी दाबतो, एक तोंडात टाकतो. हिरवा, पिवळा, काळा. गोल की लांब. साल जाड की पातळ. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. म्हणजे पाऊस, डावण्या रोग, छाटणी, मजुरी, रॅकवरची वाळवण, सगळं त्या एका मण्यात आटून आलेलं असतं, आणि त्याचा निवाडा एका चावण्यात होतो. याच सौद्यांत बेदाण्याची उधळण व्हायची. बघितला, चाखला, उरलेला मागे फेकला. शेतकऱ्यांनी ओरड केली, तेव्हा कुठे उधळण थांबवायची भाषा सुरू झाली. फुकट चाखणाऱ्याच्या हाताला अन्नाचं वजन लागत नाही. तोच व्यापारी रात्री बिल भरून जेवतो तेव्हा ताट पुसून उठतो.

दिवसभर गोड चाखलेल्या जिभेला रात्री खर्डा लागतो. द्राक्षांच्या गावात जेवण तिखट का, याचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच.

बेदाण्याच्या गावी हॉटेलच्या जेवणात बेदाणा शोधू नये. फार तर शिऱ्यात भेटेल. पिकवणाऱ्या गावाला पिकाचं कौतुक नसतं, भावाचं असतं. थॉम्पसन सीडलेसमधून निवडलेलं ‘तास-ए-गणेश’ हे वाण याच तालुक्यातल्या बोरगावचं. ते देशभरच्या बागांत गेलं. मात्र मेनूकार्डावर त्याचं नाव यायला अजून कोणाला वेळ झालेला नाही.

मेनूकार्डाचंच निघालं म्हणून. बारा पानी मेनूकार्डामागे बहुधा एकच ग्रेव्ही असते. आज काय आहे ते जिथे तोंडी सांगतात, तिथे बसावं. आणि ‘संपलं’ असं जिथे सांगतात, तिथे उद्या लवकर जावं.

फ्रान्समध्ये १९०० साली मिशेलिन या टायरच्या कंपनीने मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली. लोक लांब फिरले तर टायर झिजतील, इतका सरळ हिशेब. १९२६ पासून ती हॉटेलांना तारे देऊ लागली. तीन तारे म्हणजे केवळ तिथे जेवण्यासाठी प्रवास करावा, असं ठिकाण. टायर विकणाऱ्याने लिहिलेलं जग प्रमाण मानतं. टायर झिजवणारा मात्र काही लिहीत नाही. तो फक्त गाडी बाजूला घेतो.

ट्रक उभे दिसले की जेवण चांगलं, असं म्हणतात. अर्धंच खरं आहे. ट्रक जागा बघूनही थांबतात, पाणी बघूनही थांबतात. ड्रायव्हर उतरून पान खातोय की हात धुतोय, ते बघावं.

‘घरच्यासारखं जेवण’ या पाटीपासून मी दूर राहतो. घरी तक्रारीची सोय नसते. हॉटेलात असते, म्हणून हॉटेल सुधारतं. इस्लामपूर-कऱ्हाडच्या पट्ट्यात अख्खा मसूर मोठा झाला तो ढाब्यांवर. घरात मसुराची आमटी व्हायची, साधी, आजाऱ्यालाही चालणारी. ढाब्याने त्याला कांदा-लसूण दिला, तेल दिलं, रोटी दिली आणि लोक गाड्या वळवून यायला लागले. तेव्हा घरचं ते सगळं थोर आणि बाहेरचं ते सगळं पोटाला वाईट, हे आईचं मत आईपाशी राहू द्यावं.

आता आत काय आणि बाहेर काय.

मुक्कामाच्या इमारतीत स्वयंपाकघर असावं, पण त्याने महत्त्वाकांक्षी असू नये. सकाळचा चहा, पोहे आणि रात्री उशिरा पोचलेल्याला वरण-भात. एवढं ज्याला नीट जमतं, त्याला पनीरच्या सतरा भाज्या माफ. आतलं जेवण पावसासाठी, तापासाठी आणि चुकलेल्या एस.टी.साठी. बाकी सगळं बाहेर.

तालुक्याच्या गावात नेहमीची मांडणी अशी असते: खाली हॉटेल, वर लॉज. खालचं बरेचदा ‘शुद्ध शाकाहारी’, कारण माल घ्यायला परप्रांतातून येणारे बरेच व्यापारी मांसाहार करत नाहीत. मटणाचं ताट दोन गल्ल्या पलीकडे. ही विभागणी मला आवडते. कोणाला कोणाच्या वासाचा त्रास नाही आणि दोघांचीही भूक भागते. फक्त खोली मागच्या बाजूची मागावी. पहाटे पाचला खालच्या फोडणीचा ठसका वर येतो आणि घड्याळाचा गजर लावायची गरज उरत नाही.

मॅनेजरला ‘इथे चांगलं कुठे मिळतं?’ असं विचारू नये. तो खाली बोट दाखवतो. गादीची खोळ बदलणाऱ्या पोराला विचारावं, “दादा, आज तू कुठे जेवलास?”

हे झालं तासगावचं. पण ज्याला शहरच हवं, त्याला सांगली आहे, मिरज आहे. जेवणारा बदलतो तसं ताट बदलतं.

सांगलीच्या विश्रामबागेकडे जेवणारा विद्यार्थी. विलिंग्डन महाविद्यालय १९१९ चं, वालचंद अभियांत्रिकी १९४७ चं. वयात आलेल्या पोरांच्या इतक्या पिढ्यांनी तिथल्या खानावळी घडवल्या. पोरांना आधी भरपूर लागतं, मग स्वस्त, मग चवीचं. त्या क्रमाने तिथे मिळतं. विशीतल्या पोटाने घडवलेलं जेवण पन्नाशीतल्या पोटाने जपून खावं. भडंगाला मात्र वयाची अट नाही. येताना पुडा बांधून आणावा.

मिरजेत जेवणारा वेगळा. डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ चं, आणि त्यानंतर मिरज हे दवाखान्यांचंच गाव झालं. महाराष्ट्रातून, कर्नाटकातून माणसं येतात; एक खाटेवर असतो, बाकीचे बाहेर. हॉस्पिटलच्या आसपासच्या खानावळीत बसून बघा. तिथे कोणी चव विचारत नाही. कोणी पंगतीसारखं बोलत नाही. डबा मागतात, भात मऊ मागतात, तिखट कमी मागतात. वाढणारी मावशी न विचारता ताक ठेवते. तिथे दहा-दहा दिवस तेच लोक येतात, पण त्यांनी परत यावं असं हॉटेलवालाही मनातून म्हणत नसावा. गिऱ्हाईक लवकर तुटावं अशी इच्छा धरणारा तेवढाच एक धंदा मी बघितलाय. अशा जागेला तारे द्यायचे तर कोणी द्यायचे?

म्हणून गावाचं नाव सांगून चालत नाही. तिथे कोण कशासाठी येतं ते आधी विचारावं. जेवण त्यांच्या भुकेचं असतं. आपण त्यात एक दिवस सामील होतो.

परगावच्या भुकेबद्दल या मुलखाला शिकवायला नको. खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी टापूतली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर गेली. दक्षिणेत, उत्तरेत, जिथे सराफकट्टा तिथे आपला माणूस. सोनं वितळवायला शिकला, पण भाताच्या मुलखात ज्वारीची भाकरी कुठून आणणार? गलाईवाल्याने परक्या शहरात कधी चांगलं हॉटेल शोधलं नाही. त्याने गाववाला शोधला. त्याच्या दुकानाच्या माडीवर अंथरूण आणि चुलीवर तवा.

शाळूची भाकरी मात्र राज्याची सीमा ओळखत नाही. हुबळी, विजयपूरकडे पाटी कानडीत असली तरी लिंगायत खानावळीत ज्वारीची रोटी, एण्णेगायी आणि शेंगाचटणी समोर येते. तासगावकराला तिथे फक्त वांग्याचं नाव वेगळं ऐकू येतं.

एक तपासणी मात्र कुठेही चुकवू नये. जेवणघरात शिरल्यावर आधी हात धुवायची जागा बघावी. तिथला नळ, साबण, फडकं. जेवण कसं आहे ते कळायला घास घ्यावा लागतो; मालक कसा आहे ते तिथेच कळतं. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराट्याने गाव झाडायचे, मग भाकरी. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना, २००० साली, बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावं झाडली गेली. हॉटेलांच्या मोऱ्यांपर्यंत ते पुरतं पोचलं, असं मी म्हणणार नाही.

गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, तासगावच्या गणपतीचा रथ निघतो. पटवर्धनांचं संस्थान, परशुरामभाऊंनी उभारायला घेतलेलं देऊळ, दाक्षिणात्य वळणाचं सात मजली गोपूर. संस्थानचा गणपती दीड दिवसांचा. रथ माणसं दोरांनी ओढतात. गुलाल उडतो, पेढे उडतात, खोबरं उडतं. सौद्यातली उधळण मला टोचते आणि रथावरची टोचत नाही, याचं सरळ कारण देता येणार नाही. रथावर उडालेला पेढा कोणीतरी झेलतो, एवढं खरं.

त्याच दिवशी घरोघरच्या बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरटीचं धान्य नाही. परसातलं अळू, भोपळा, दोडका, मक्याचं कणीस, अंगणात हाताने लावलेलं जे काही, त्याची ऋषीची भाजी. तिखटाचं फारसं काम नाही, तेलाचं नाही. बाहेर रस्त्यावर रथालाही बैल नाहीत. वर्षातला हा एक दिवस बैल दोन्हीकडून सुटलेला. कोणी ठरवून जुळवलंय असं नाही, पण जुळलंय.

आणि त्या दिवशी गावातलं सगळ्यात चांगलं जेवण कुठल्याही हॉटेलात विकत मिळत नाही. लॉजच्या खिडकीतून रथ दिसेल, गुलाल खोलीत येईल, खाली थाळीही मिळेल, गर्दीमुळे जरा निबर. ऋषीची भाजी मिळणार नाही. तिला दार लागतं, आणि दारात कोणीतरी “या पावनं, बसा दोन घास” म्हणावं लागतं. चांगल्या हॉटेलाची किंमत ठरवता येते. या ताटाची येत नाही, म्हणून ते हॉटेलाच्या यादीत येत नाही.

रथोत्सवाला येणार असाल तर खोलीच्या भानगडीत पडू नका. मुक्काम सांगलीत करा, सकाळी लवकर निघा, पेठेत ओळखीचं कोणी असेल तर आदल्या दिवशी फोन करून येतोय म्हणून सांगा. ओळख नसेल तर सौद्यांच्या दिवसांत या, मार्केट यार्डाजवळची खोली घ्या आणि व्यापारी सौद्यातून उठायच्या आत जेवायला बसा. दोनच्या पुढे भाकरी संपते.