पिठीतले गोपद्म

माझी आत्या पोळ्या लाटायला बसली की आधी पोळपाटावर कोरडी पिठी पसरायची आणि तर्जनीने तिच्यात काहीतरी रेखायची. कधी गोपद्म, कधी स्वस्तिक, कधी नुसते सात ठिपके आणि त्यांना कवेत घेणारी एक न तुटणारी रेघ. मग त्यावरच उंडा ठेवून लाटणे फिरवायची. आकृती पोळीच्या पोटाखाली नाहीशी व्हायची. पुढचा उंडा, पुढची आकृती. मला तो खेळ वाटे. विचारले तर म्हणायची, "काही नाही रे, हाताला चाळा."

चौतिसाव्या वर्षी ती विधवा होऊन माहेरी, म्हणजे आमच्या घरी आली. त्याआधी सासरी तिने दारात काढलेले चैत्रांगण बघायला आळीतल्या बायका यायच्या म्हणे. शंख, चक्र, कासव, नाग, तुळशीवृंदावन, करंडा-फणी, हत्ती, चंद्र-सूर्य, मधोमध गौर. गेरूने सारवलेल्या एवढ्याशा जागेत ती सगळे विश्व बसवायची. आमच्याकडे रांगोळीचा डबा तुळशीजवळच्या कोनाड्यात असे. आत्या आली त्या आठवड्यात आईने तो उचलून आपल्या फडताळात ठेवला. 'तू काढू नकोस' असे आत्याला कुणीही म्हटले नाही. माझी आई वाईट बाई नव्हती. नणंदेला तिने आयुष्यभर सांभाळले. पण आपल्याकडच्या पुष्कळशा बंद्या अशाच असतात. त्यांना हुकूम लागत नाही, डबा हलला की पुरते.

हे आठवायचे कारण असे की हल्ली शहरांत शनिवार-रविवारी मंडल काढायला शिकवणारे वर्ग भरतात. वर्तुळ, त्यात पाकळ्या, पाकळ्यांत ठिपके. दोन तास हात चालवला की मन निवते, असे लोक सांगतात. निवतेही. त्याची थट्टा मला करायची नाही. मला फक्त एवढेच विचारायचे आहे, की ज्या गोष्टीसाठी आज आपण पैसे मोजतो, ती घरातल्याच एका बाईच्या हातून आपण काढून का घेतली?

आकृतीने मन निवते म्हणजे नेमके काय होते, ते आधी पाहू. कार्ल युंग हा स्विस मनोविकारतज्ज्ञ फ्रॉइडपासून तुटल्यावर काही वर्षे आतून पार हलून गेला होता. १९१८-१९ मध्ये तो शातो-दे या गावी नजरकैदेतल्या इंग्रज सैनिकांच्या छावणीचा प्रमुख होता. तिथे रोज सकाळी तो वहीत एक लहानसे वर्तुळाकार चित्र काढी. एके दिवशी परिचयातल्या एका बाईचे पत्र आले आणि युंगचे मन खवळले. दुसऱ्या दिवशी काढलेल्या वर्तुळाची कड एके ठिकाणी फुटलेली होती. वर्तुळाने युंगला बरे केले, असा याचा अर्थ मी घेत नाही. त्याच्या आत काय चालले आहे ते वर्तुळ त्याला दाखवत होते, आणि जे दिसते त्याच्याशी माणूस निदान बोलू तरी शकतो.

आपल्या मातीतले उदाहरण याहून बोलके आहे. जिव्या सोमा म्हसे, जन्म १९३४, तलासरी तालुक्यातले वारली. लहानपणी आई गेली, घर विस्कटले, आणि त्या धक्क्याने या मुलाची वाचाच बसली. कित्येक वर्षे तो बोलत नव्हता. सांगायचे असेल ते मातीत बोटाने काढून दाखवायचा. पुढे याच हाताने तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषेतून वारल्यांचे जग कागदावर आणि कापडावर उतरवले. वारली चित्रे जगभर गेली, ती प्रथम म्हसेंमुळे. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन. एवढ्याच भांडवलावर एका मुक्या पोराने पुन्हा माणसांत येण्याची वाट काढली.

यात मंत्र नाही की चमत्कार नाही. चिमटीतून रांगोळीची धार एकसारखी सोडायची तर श्वास आवरावा लागतो. ठिपके मोजायचे तर लक्ष एका जागी आणावे लागते. डावीकडे वळवलेली रेघ उजवीकडेही तशीच वळवायची तर हाताला धीर धरावा लागतो. दुःख तेवढ्या वेळात नाहीसे होत नाही. त्याला बसायला जागा मिळते, एवढेच. चित्रकार सय्यद हैदर रझा लहानपणी मध्य प्रदेशातल्या खेड्यात शिकत होते. पोराचे मन थाऱ्यावर नाही असे पाहून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे बघत बसायला सांगितले. पॅरिसमध्ये अनेक वर्षे काढल्यानंतर, साठीकडे झुकताना, रझांच्या चित्रांत तोच ठिपका बिंदू होऊन परतला आणि अखेरपर्यंत राहिला. एका मुसलमान चित्रकाराच्या साऱ्या साधनेचे केंद्र बिंदू झाला. ठिपक्याने त्यांचा जात-धर्म विचारला नाही.

माणसे मात्र विचारतात. आणि इथेच दोन मंडळी एकाच पंगतीला बसलेली दिसतात.

पहिली मंडळी दुकानदार. तांब्याच्या पत्र्यावर छापलेले यंत्र घ्या, कर्ज फिटेल, मधुमेह उतरेल, मूल होईल. ज्याने ते काढलेही नाही, त्याने नुसते भिंतीला टांगायचे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांनी अशा व्यापाराविरुद्ध आयुष्य खर्ची घातले. २०१३ मध्ये त्यांचा खून झाला, तेव्हा कुठे त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. पत्रे अजून विकले जातातच. याच ओघात हेही सांगून टाकतो, की चित्र काढून खोल नैराश्य हटेल असा भ्रम कुणी बाळगू नये. झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरकडे जावे. कुंचला त्यासोबत चालतो, त्याऐवजी नाही.

दुसरी मंडळी म्हणजे तुम्ही-आम्ही, घरातली सज्जन माणसे. विधवेचा हात रांगोळीला लागला तर अशुभ, असे मानणारी किंवा न मानता गप्प बसणारी. वरवर पाहता ही मंडळी दुकानदाराच्या विरुद्ध टोकाला वाटते, पण दोघांची समजूत एकच आहे: शक्ती आकृतीत असते. दुकानदार म्हणतो, शक्ती आहे म्हणून विकत घे. रूढी म्हणते, शक्ती आहे म्हणून विटाळू नकोस. शक्ती काढणाऱ्या हातात आहे, हे दोघांनाही परवडत नाही. कारण ते एकदा मान्य केले की पत्रा विकता येत नाही आणि डबाही लपवता येत नाही. ज्या बाईचे मन सर्वांत जास्त फाटले आहे, तिच्याच हाताला सर्वांत आधी रांगोळी हवी, हेही मग ओघानेच येते.

'परंपरा आहे' हे उत्तर मला ठाऊक आहे. वारल्यांच्या लग्नातला चौकही परंपरेने सुवासिनींनीच लिहायचा. पण एका पुरुषाने वारली चित्रे हाती घेतली, तेव्हा आभाळ कोसळले नाही. उलट आपण त्याचा सन्मान केला आणि तो योग्यच केला. म्हणजे परंपरा वाकते. कुणासाठी वाकवायची, हे आपण ठरवतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तोच कित्ता गिरवायला सांगितले. मोठी गोष्ट झाली. पण फडताळात गेलेला डबा पंचायतीला दिसत नाही. तो घरातल्या माणसांनाच बाहेर काढावा लागतो.

मी काढला नाही. शिकलो, कमावता झालो, व्यासपीठांवरून सुधारणेची भाषणेही केली, आणि आत्या घरात पिठीवरच रेखत राहिली. मला उशिरा कळले, असे म्हणायची सोय आहे, पण ते खरे नाही. मला कळत होते. आईचे मन दुखवायचे नव्हते. आत्याच्या मनाचा विचार करायची मला सवयच नव्हती. ती गेली त्या सकाळपर्यंत अंगणात तिची एकही रेघ उमटली नाही.

तुमच्या घरात, शेजारात, अशी कुणी असेल. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसेल, त्याच्या आदल्या संध्याकाळी रांगोळीचा डबा तिच्यापुढे नेऊन ठेवा. आग्रह नको, भाषण नको. ती बहुधा 'नको' म्हणेल. डबा उचलू नका, तिथेच राहू द्या.