पृथ्वी गुरू आणि किल्लारी

दत्तभक्तहो, अवधूतांच्या चोवीस गुरूंत पहिली पृथ्वी. तिच्याकडून क्षमा शिकावी, असं आपण ऐकत आलो. मग ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले असता किल्लारी-सास्तूरची भुई हलली, हजारो माणसं गेली, ती कोणती शिकवण? ज्याचं लेकरू गेलं त्याला ‘देवाची इच्छा’ सांगून मोकळं होणं मला तरी पटत नाही. माणसं दबली ती दगड-मातीच्या जाड भिंती अन् माळवदांखाली, आणि भिंती माणसानंच बांधलेल्या.

मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळी तिथं पोचले. हे मोठंच. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं. घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या महिला मंडळांना ‘संवाद सहायक’ नेमलं. सरकारी योजना घरोघर समजावणं, लोकांची अडचण साहेबापर्यंत नेणं, हे बायांनी केलं. पुढारी येतो, जातो. ही बाई तिथंच राहते.

आपल्या बोरी अरबात उद्या अडाणला पूर आला, तर आधी कोणाला विचाराल? वर्गणीच्या यादीत पहिलं नाव असलेल्याला, की कोणत्या घरात म्हातारी एकटी निजते हे जिला ठाऊक आहे तिला?