राखून ठेवलेला अंधार

अंधार आणि निःशब्दता हीं निसर्गानें सर्वांस फुकट दिलेलीं सुखें आहेत, त्यांस कायदा कशाला, असें आपण सहज म्हणून जातों. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हानिया संस्थानच्या उत्तर भागांत ‘चेरी स्प्रिंग्स’ नांवाचें एक लहानसें सरकारी उद्यान आहे. तेथें तंबू ठोकून दोन रात्री सहकुटुंब राहिल्यावर हें म्हणणें आम्हांस तितकेंसें खरें वाटेनासें झालें. (साधेपणाच्या शोधांत निघतांना मोटारींत कुकरही घ्यावा लागला, तो भाग निराळा.)

उद्यान म्हणजे येथें फुलांचे ताटवे नव्हेत. भोंवतीं सरकारी जंगल दूरवर पसरलेलें, जवळपास मोठें शहर नाहीं. त्यामुळें निरभ्र रात्रीं आकाशगंगा विनासायास दिसते. परंतु हा अंधार आपोआप टिकलेला नाहीं. 2000 सालीं सरकारनें तो मुद्दाम राखावयाचें ठरविलें. आकाशदर्शनाच्या मैदानावर रात्रीं पांढरा दिवा लावण्यास मनाई आहे, विजेरीचा उजेडही तांबडाच हवा. मुलांनीं पहिल्याच संध्याकाळीं हरकत घेतली: उद्यान सर्वांचें, मग आपला दिवा आपण कां लावूं नये?

प्रश्न पोरकट नाहीं. मोठमोठे लोक स्वातंत्र्याचा अर्थ याहून फारसा निराळा करीत नाहींत. पण मानवी डोळ्यास अंधार सरावण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात, आणि ती सारी कमाई क्षणभराच्या उजेडानें जाते. मैदानावर शंभर माणसें अंधारांत बसलीं असतां एकानें दिवा लावला, तर शंभरांचा अंधार संपतो. पण त्या शंभरांना केवळ अंधारांत बसून राहून त्या एकाचा दिवा विझवितां येत नाहीं. गोंगाटाचें आणि शांततेचें हेंच आहे. त्यांच्यांत बरोबरीची झुंज कधीं होतच नाहीं. म्हणून ‘ज्याला जें हवें तें त्यानें करावें’ असें म्हणून जो तटस्थ राहतो, तो वस्तुतः गोंगाटाच्याच पक्षाला मिळालेला असतो.

येथपर्यंत नियमाचा कैवार घेणें सोपें आहे. अवघड भाग पुढें आहे. ज्या वनाला आपण ‘अस्पर्श’ म्हणतों, तें या भागांत एकदां जवळजवळ सारें तोडून झालें होतें. 1933 ते 1942 या काळांत, मंदीनें बेकार झालेल्या तरुणांच्या सरकारी पथकांनीं देशभर झाडें लावलीं, उद्यानांतून रस्ते व निवारे बांधले. चेरी स्प्रिंग्स येथील ओंडक्यांचा मंडप त्यांच्याच हातचा. ही तरी श्रमाची गोष्ट झाली. कॅलिफोर्नियांतील योसेमिटी दरी 1864 सालीं सार्वजनिक उपभोगासाठीं त्या संस्थानच्या हवालीं करण्यांत आली. पण त्यापूर्वीं, 1851 सालींच, तेथील मूळ रहिवाशांवर सशस्त्र तुकडी घालून त्यांना हुसकण्यांत आलें होतें. ती निर्जनता केलेली निर्जनता होती.

म्हणून अशी शांतता राखूं नये काय? आमच्या मतें राखावीच. मात्र तिला निसर्गाची देणगी म्हणणें सोडावें. ती कोणाच्या तरी श्रमांची, संयमाची, आणि कोठें कोठें अन्यायाचीही कमाई आहे. शिवाय तेथें पोंचावयास मोटार लागते, रजा लागते. ज्याची झोंप रस्त्यावरील दिव्यामुळें रोज मोडते, त्याला यांतलें बहुधा कांहींच नसतें. त्या दिव्यावर झांकण बसवून उजेड खालींच पाडणें कांहीं अवघड नव्हे. पण त्यासाठीं अर्ज करावयाचा, तर ‘मला अंधार हवा आहे’ हें वाक्य नगरपालिकेंत कोणत्या तोंडानें म्हणावयाचें, हें त्याला अजून कोणीं सांगितलेलें नाहीं.